गोळीचा वाटा

दुर्वा सातव्या महिन्यात माहेरी आली, ती एक सुटकेस आणि एक पेटी घेऊन. सुटकेस जावयाने उचलली. पेटीला मात्र ती कुणाला हात लावू देईना. शेवटी ती स्वतःच वाकायला लागली तेव्हा न्हानू गवसने पेटी तिच्या पुढ्यातून ओढून घेतली.

"काय आसा गो ह्येच्यात? धोंडे भरलंस काय?"

"यंत्र आसा, बाबा. हळू ठेव."

जावई दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेला. दुपारी जेवण झाल्यावर दुर्वा पडवीत पाय पसरून बसली आणि सहज आठवल्यासारखं म्हणाली, "बाबा, माझो दात आसा मां अजून?"

"आसा तर. जातलो खंय?"

न्हानू आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात बंदुकीचा परवाना, जुने फोटो आणि एक रिकामं काडतूस होतं. काडतुसाचं तोंड मेणाने बंद केलेलं, पितळेच्या बुडाशी खिळ्याने 'दु' कोरलेलं. कुंभवळीत पोरांचे दुधाचे दात कौलावर टाकतात. दुर्वानेही एकेक करत सगळे टाकले होते. शेवटची दाढ पडली तेव्हा ती दहा वर्षांची होती. "उंदराला एवढे दिले, हा माझा," असं म्हणून ती अडून बसली, आणि न्हानूने तो दात काडतुसात घालून ठेवला. त्याला अठरा वर्षं झाली होती.

"कित्याक होयो?"

"कामाक."

दुर्वाचं काम काय ते न्हानूला ढोबळ माहीत होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती दात वाचायची. शेजारी विचारत तेव्हा तो सांगे, "डॉक्टर नाय, पण डॉक्टर तिका इचारून औषध देतत."

संध्याकाळी बाबल परब आला. न्हानूचा शाळेपासूनचा सोबती, आणि गावच्या पारधीचा म्होरक्या. उजव्या मांडीत डुकराचा सुळा घुसून गेल्यापासून तो पाय ओढत चालायचा. पण रान उठवायचं कुठून आणि कोणी कुठे बसायचं, हे अजून तोच ठरवायचा.

"बाराव्या दिसा पारध," तो दुर्वाला म्हणाला. "आणि ऐक गो बाय, यंदा गोळीचो वाटो तुका. बार कोणाचोय लागूंदे."

दुर्वा हसली. पण तिचा हात पोटावर गेला, आणि न्हानूला वाटलं, ती दमली असेल.

*

डुकरांनी काजू आणि भात दोन्ही खाऊन संपवायला घेतलं, तेव्हा सरकारने परवाने सुरू केले. त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. ठरावीक गावांनी, ठरावीक महिन्यांत, ठरावीक डुकरं मारायची आणि मांस गावातच वाटायचं. कुंभवळीने कागद सरकारचा घेतला, रीत मात्र आपली ठेवली. तिच्यातली पहिली गोष्ट म्हणजे गोळीचा वाटा. ज्याची गोळी आधी लागली, त्याच्या घरी जखमेभोवतालचं मांस जायचं. रक्त साकळलेलं, गोळीने फुटून लोण्यासारखं मऊ झालेलं. चावायला दात लागत नाहीत, म्हणून ते पोटुशीला, बाळंतिणीला आणि नुकत्या जेवू लागलेल्या पोराला द्यायचं. गोळीचा जोर त्या मांसात उतरतो, असंही म्हातारे म्हणत.

शेवटचा वाटा मागच्या पायाचा. तो उशिरा आलेल्याचा, किंवा हात हलवत आलेल्याचा. तो घेताना माणूस मान खाली घालून घेई.

न्हानूचा नेम सहसा चुकत नसे. त्यामुळे गोळीचा वाटा गवसांच्या घरी जितका आला तितका दुसऱ्या कुठल्या घरी आला नव्हता.

*

सकाळी दुर्वाने पेटी उघडली. आत शिवणयंत्राएवढं एक राखाडी यंत्र होतं. तिने मेण खरवडून दात बाहेर काढला, पुसला आणि चिमट्यात धरून यंत्राच्या खाचेत बसवला. न्हानू आणि त्याची बायको सुनंदा दोन बाजूंना बसली. शास्त्र सांगायला लागली की दुर्वाची भाषा पुस्तकी होई, तशी ती आत्ताही झाली.

"झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वर्तुळं असतात ना, तसे दातात थर असतात. फक्त ते दिवसादिवसाचे. बाळ पोटात असतानाच दुधाचे दात तयार व्हायला लागतात आणि ते काम तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं. जो थर ज्या दिवशी बसला, त्यात त्या दिवशीच्या रक्तात जे काही होतं ते अडकून राहतं. नंतर पुसलं जात नाही. हे यंत्र केसाहून बारीक क्ष-किरण थराथरावरून फिरवतं आणि कुठल्या थरात काय आहे ते सांगतं. दात फोडावा लागत नाही."

पडद्यावर दात उमटला. निळसर काळ्या रंगात, उलट्या धरलेल्या पेल्यासारखा. त्यातून एक बारीक पांढरी रेघ गेली होती.

"ही जन्मरेषा. जन्माला येताना बाळाला जो धक्का बसतो, त्याची खूण. रेषेच्या या बाजूला मी आईच्या पोटात, त्या बाजूला बाहेर."

सुनंदाने पदराने हात पुसले आणि त्या रेघेला बोट लावलं. "तीन दिस कळा देत होतंस," ती म्हणाली. "रेघ तरी जाड येवक होयी होती."

रेघेच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे उमटायला लागले. आधी एक, मग फिकट दुसरा, मग दोन ठळक, दिव्याच्या वातीसारखे. दुर्वाने खाली महिने लावले. प्रत्येक पट्टा हिवाळ्यातला होता.

न्हानू पुढे सरकला. त्याने ठळक पट्ट्यावर बोट ठेवलं. "थांब. हो पौषातलो मां? हो एकसुळ्यो. काजीत मारलेलो. तू नुकताच चालूक लागल्लंस, माझ्या धोतराक धरून." बोट पुढे गेलं. "आणि ह्यो ओढ्यावरचो. बाबलाचो पाय फाडल्यान तो." तो हसायला लागला. "माझे सगळे डुकर तुझ्या दातात लिवलेले आसत?"

दुर्वा हसली नाही. सुनंदाने तिच्याकडे पाहिलं आणि मग तीही हसायची थांबली.

"पिवळा काय आसा?" न्हानूने विचारलं.

"शिसं."

तिने पेटीतून एक छोटी पुडी काढून यंत्राच्या दुसऱ्या खाचेत ठेवली; पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी आले, अगदी सारखे. कालच तिने मांगरातून, परसातल्या अवजारांच्या खोपटातून, न्हानूच्या एका गोळीचा कीस आणला होता. "शिशालाही गाव असतं, बाबा. प्रत्येक खाणीतल्या शिशात हलक्या-जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं. ते वितळवलं तरी बदलत नाही. हळदीतलं असेल, रंगातलं असेल, अशी मला आशा होती. पण दातातलं शिसं आणि तुझ्या गोळीतलं शिसं एकाच गावचं आहे."

न्हानू गोळ्या घरीच ओतायचा. जुन्या पागाच्या, म्हणजे मासे धरायच्या जाळ्याच्या, शिशाच्या मण्यांपासून, त्याच्या वडलांच्या साच्यात. त्याच्या गोळ्या सगळ्यांत भरीव असतात, असं बाबलही मान्य करायचा.

"गोळी अंगात शिरते ती अख्खी राहत नाही," दुर्वा म्हणाली. "शिसं मऊ असतं. हाडावर आपटलं की त्याचे शेकडो कण होतात, काही तर पिठासारखे. दिसत नाहीत, दाताखाली लागत नाहीत. जखमेभोवती सगळ्यात जास्त."

"गोळीचो वाटो," न्हानू म्हणाला.

"हो."

"आणि मी आमसुलां घालून शिजवतंय," सुनंदा हळूच म्हणाली. "भरपूर."

दुर्वाने मान हलवली. आंबटात शिसं जास्त विरघळतं, हे तिला सांगावंसं वाटलं नसावं. पण आईला ते तिच्या तोंडावरून कळलं.

खळ्यात कोंबडी काहीतरी उकरत होती. मग न्हानूने विचारलं, "आता तू खंय डुकर खातंस? धा वर्षां पुण्यात आसंस. मगे आता ह्या कित्याक काढलंस?"

दुर्वाने यंत्र बंद केलं.

"पाचव्या महिन्यात माझं रक्त तपासलं, त्यात शिसं वाढलेलं निघालं. बाहेरून कुठूनच येत नव्हतं. ते आतून येतंय, बाबा. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात ठेवतं आणि ते तिथे वीस-पंचवीस वर्षं गप्प पडून राहतं. बाळाची हाडं तयार व्हायला लागली की आईचं शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून देतं. त्याच्याबरोबर तेही निघतं."

न्हानूने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, जणू त्याच्या बघण्यानेही काही लागेल.

"म्हणजे एकसुळ्यो तेच्यापर्यंत पोचलो," तो म्हणाला.

*

ज्या गावांत हे यंत्र गेलं होतं, तिथे काय झालं हे दुर्वाने डोळ्यांनी पाहिलं होतं. पूर्वी आजाराला कारण असलं तरी तारीख नसायची. आता दात तारीख सांगायचा. एका घरात सासूने आणलेल्या कुंकवाचा महिना निघाला आणि सून माहेरी गेली ती परत आली नाही. दुसरीकडे बॅटऱ्या वितळवणाऱ्या भावाशी भावाने बोलणं टाकलं. म्हणून प्रयोगशाळेतल्या तिच्या गटाने नियम केला होता: दात वाचायच्या आधी घरच्या माणसांशी बोलायचं, निदान दोनदा. तो नियम दुर्वानेच लिहिला होता. आणि स्वतःच्या घरी तिने तो मोडला. दोन महिने विचार करूनही बाबाला आधी काय सांगायचं ते तिला सुचलं नव्हतं.

न्हानू जेवायला आला नाही. तो मांगरात साचा हातात घेऊन बसला होता. चिमट्यासारखा लोखंडी साचा, मुठी झिजून गुळगुळीत झालेल्या. त्याला एकसुळ्याचं मांस आठवत नव्हतं, त्याची बोटं आठवत होती. मांस बोटांनी कुस्करून, हाडाचा कपरा लागतोय का ते चाचपून, मग तिच्या तोंडात. हाडाचा कपरा त्याने एकदाही जाऊ दिला नव्हता.

सुनंदा ताट घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"तू मारलंस, मी शिजवलंय, ती जेवली," ती म्हणाली. "तिघांनीव आपापला काम नीट केला."

"तेच तर."

"तेच तर काय? नीट केला म्हणान सुदारूक येता. येड्याबागड्यांनी केला असता तर कायच करूक येणा नसता." तिने भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. "जेव. चेडू थंय आपणच रडता, म्हणता बाबाक मी दुखवलंय. तुमी दोघां कोपऱ्याकोपऱ्यात रडाक बसलास तर माझ्या नातवंडाक बगतला कोण?"

संध्याकाळी न्हानू पडवीत आला. "आता करूचा काय, तां सांग," तो म्हणाला. "पुस्तकातला नको. करूचा काय?"

दुर्वाने सांगितलं. साठलेलं शिसं काढायची औषधं आहेत, पण ती पोटात बाळ असताना देत नाहीत. त्याची गरजही नव्हती, प्रमाण तेवढं मोठं नव्हतं. दूध, नाचणी, तीळ आणि कॅल्शियमच्या गोळ्या. बाहेरून कॅल्शियम पुरलं तर हाडांना कमी द्यावं लागतं. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. आणि बाहेरून आता एक कणही आत जाऊ द्यायचा नाही.

"एक कणव नाय," न्हानू म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो तालुक्याला गेला.

*

बंदुकांच्या परवानाधारक दुकानात तांब्याच्या गोळ्यांच्या काडतुसांचा एक डबा मागणी नाही म्हणून धूळ खात पडला होता. न्हानू तो घेऊन आला. गोष्ट लपण्यासारखी नव्हती. उन्हं उतरायच्या आत बाबल पाय ओढत परसात हजर झाला.

"तांब्याची गोळी?" तो म्हणाला. "सुईसारखी आरपार जाता ती. डुकर पडना नाय, पळता. आणि पळता तो खंय, हाकाऱ्यांच्या अंगावर." त्याने मांडीवर थाप मारली. "हेका इचार."

"गोळीक इचारूया," न्हानू म्हणाला.

घड उतरवलेल्या दोन केळी त्याने आधीच तोडून ठेवल्या होत्या. केळीचा खांब म्हणजे नुसतं पाणी आणि रेषा, मांसासारखाच. दोन्ही खांब त्याने बांधाला टेकवले, आत गाईचं एकेक जुनं हाड खुपसलं आणि चाळीस पावलं मागे आला. पहिला बार त्याच्या स्वतःच्या शिशाच्या गोळीचा. दुसरा तांब्याचा. बंदूक तीच, एकनळी बारा बोअर. पण तांब्याची गोळी चार बोटं वर लागली. ती वजनाला हलकी, म्हणून वेगाने जाते, हे दुर्वाने पडवीतून ओरडून सांगितलं.

मग दोन्ही खांब यंत्राला जोडायच्या सपाट पाटीवर, जिच्यावर मोठ्या वस्तूचा क्ष-किरण फोटो निघे, आडवे ठेवले. बाबल चष्मा पुसून पुढे झाला.

शिशाच्या खांबात गोळीची वाट दिसत होती आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. शेवग्याच्या फुलांचा सडा पडावा तसे. न्हानूने बोटं ताणून वीत लावली. वीत संपली तरी ठिपके संपले नव्हते. तांब्याच्या खांबात एकच गोष्ट होती. गोळीचं तोंड चार पाकळ्यांनी उमललं होतं आणि ती अख्खीच्या अख्खी पलीकडच्या सालीत अडकून बसली होती.

"आरपार गेली नाय," न्हानू म्हणाला.

"केळ पळणा नाय," बाबल म्हणाला. पण तो बराच वेळ पहिल्या खांबाकडेच बघत राहिला. "एवढा सगळा आमी खाल्ला?"

"खाल्ला."

"आणि तरी मी एवढो हुशार?"

"म्हणानच एवढोच," सुनंदा चुलीपाशी बसूनच म्हणाली.

बाबल हसला, पण जाताना म्हणाला, "पारधीक मात्र घरची गोळी घे, न्हानू. हौस म्हणान एक दीस ठीक आसा. रानात माणसां आसतत."

न्हानू रिकामी काडतुसं उचलायला लागला. पुढचे आठ दिवस तो रोज तीन बार काढायचा. रोज केळीवर, नेम चार बोटं खाली धरून. पस्तीस वर्षांची सवय होती. डोळा ऐकायचा, खांदा ऐकत नव्हता. सातव्या दिवशी तिन्ही गोळ्या एका मुठीत बसतील एवढ्या जवळ लागल्या. तेव्हा त्याने ठरवलं, तीस पावलांच्या आत आला तरच बार, नाहीतर नाही.

*

पारधीच्या दिवशी सकाळचं दव अजून पानावर होतं तेव्हा हाकाऱ्यांनी वरच्या बाजूने रान उठवलं. डबे वाजले, आरोळ्या उतरत आल्या. न्हानू ओढ्याच्या वळणावर बसला होता. त्याच्यापासून वीसेक पावलांवर, जांभळीच्या बुंध्याशी, बाबल.

पहिला डुक्कर साठ पावलांवरून गेला. एरवी न्हानूने तो सोडला नसता. बाबलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. न्हानूने बंदूक गुडघ्यावरच ठेवली.

दुसरा आला तो झुडपं मोडत सरळ वळणावर. मोठा नर, पाठीचे केस उभे. चाळीस. पस्तीस. न्हानूने श्वास धरला. तिसाला डुक्कर बाजू देऊन ओढ्यात उतरला, आणि न्हानूने चार बोटं खाली धरून चाप ओढला.

डुक्कर थांबला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. त्याचे पुढचे पाय मुडपायला लागले होते. न्हानूने ते पाहिलं. बाबलच्या बाजूने मात्र फक्त उभा असलेला डुक्कर दिसत होता, आणि त्याच्या मागे हाकाऱ्यांचे आवाज. बाबलने बार काढला. डुक्कर कोसळला.

दोघे एकदमच पोचले. खांद्यामागे दोन भोकं होती.

"तुझो डुकर पळतलो म्हणान मारलंय," बाबल धापा टाकत म्हणाला. "पोरां होती वर."

"म्हायती आसा," न्हानू म्हणाला. तो गुडघ्यावर बसला आणि दोन भोकांवर वीत ठेवली. वीत पुरून उरली. तांब्याच्या गोळीभोवतालच्या सगळ्या मांसात आता बाबलचं शिसं होतं.

*

वाटे नेहमीच्या वडाखाली, सागाच्या पानांवर घातले. चौदा घरांची माणसं गोल बसली. वाटा पुकारायचा मान बाबलचा. त्याने सगळ्यांत मऊ, काळपट लाल मांस पानावर घेतलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

"पयलो बार न्हानूचो. गोळीचो वाटो गवसांच्या घराक, आमच्या दुर्वाक आणि तिच्या पोटातल्याक."

न्हानू उठला. पस्तीस वर्षांत तो या जागी नेहमी ताठ उभा राहिला होता. आज त्याने हात पुढे केले नाहीत.

"माका मागच्या पायाचो दी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "काय रे न्हानू, वाट चुकान इलंस काय पारधीक?" दोघे-तिघे हसले.

बाबल हसला नाही. त्याच्या हातात पान तसंच होतं. "माझी गोळी लागली म्हणान नको?"

"तुझी म्हणान नाय. शिश्याची म्हणान. बाबल, तू केळ बगलंस."

"केळ बगलंय. पण ह्या गावान तुका दिल्ला आसा. पोटुशी बाईचो वाटो परत केलेलो मी जन्मात बगूक नाय."

"मीव नाय," न्हानू म्हणाला. "माझ्या हातान मी तिका भरवलो, दोन हिवाळे. आता मी परत करतंय तां तिच्यासाठीच. ह्यो पुरून टाक. कुत्र्याकव घालू नको."

त्याने स्वतःच वाकून शेवटच्या पानावरचा वाटा उचलला. मान मात्र त्याला खाली घालावी लागलीच, कारण डोळे भरले होते आणि ते चौदा घरांना दाखवायचे नव्हते. मागे वळून पाहिलं तेव्हा बाबल गोळीचा वाटा तसाच पानात गुंडाळून, पाय ओढत, आपल्या घराकडे चालला होता. त्याच्या घरीही सून होती, आणि सात वर्षांची नात. न्हानूने हाक मारली. बाबल थांबला नाही.

घरी दुर्वाने पायाचा वाटा आधी पाटीवर ठेवला. पडद्यावर हाड दिसलं, बाकी काही नाही. सुनंदाने तो वाटलेल्या मसाल्यात शिजवला. आमसुलांची बरणी हातात घेतली, थोडी थांबली, आणि मग दोन सोलं घातली, कारण आता घालायला हरकत नव्हती. दुर्वा पोटभर जेवली. न्हानू तिच्याकडे घासागणिक बघत होता.

"चिवट आसा मां?" त्याने विचारलं.

"दात आसत माका," दुर्वा म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबल आला. पडवीच्या पायरीवर बसला. न्हानू आत होता. तो दारात येऊन उभा राहिला.

"शिजवूक दिलंय नाय," बाबल जमिनीकडे बघत म्हणाला. "हाताभर खोल पुरलंय. वर धोंडो ठेवलंय." मग त्याने खिशातून काड्यापेटी काढून दुर्वापुढे धरली. आत कापसावर एक पुढचा दात होता. "नातीचो. परवाच पडलो. कौलावर टाकूक लावलंय नाय. बग गो बाय, काय लिवल्यान आसा तां."

दुर्वाने काड्यापेटीला हात लावला नाही. ती पायरीवर त्याच्या शेजारी, जपून, पोट सावरत बसली.

"काका, दात वाचण्याआधी बोलायचं असतं. निदान दोनदा. तसा नियम आहे."

"बोल मगे," बाबल म्हणाला. "माका काय घाई नाय." आणि दारात उभ्या न्हानूला म्हणाला, "तू उबो कित्याक? बस हय. आणि सुनंदाक चाय ठेवूक सांग."

*

दोन हिवाळ्यांनंतर कुंभवळीत शिशाचं काडतूस उरलं नाही. गोळीचा वाटा मात्र राहिला. न्हानूने साचा फेकला नाही. तो मांगरात खिळ्याला टांगलेला असतो आणि त्याला गंज चढतो आहे.

त्या पारधीनंतर सहा वर्षांनी दुर्वाच्या मुलीचा, रेवाचा, पहिला दात पडला. ती सुट्टीत आजोळी आली होती. आता यंत्र टिफिनच्या डब्याएवढं झालं होतं आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रातच असायचं. दुर्वाने दोनदा बोलायचा नियम पाळला, वडलांशीच.

पडद्यावर दात उमटला. मधोमध पांढरी जन्मरेषा. रेषेच्या अलीकडे एक फिकट पिवळी झाक होती, फार नाही, पहाटेच्या उजेडाएवढी.

"आजा, हय काय आसा?" रेवाने विचारलं.

"हय तू आवशीच्या पोटात होतंस. आणि तुझी आवस एकदा ल्हान होती, आणि मी शाणो नाय होतंय. तां हय लिवलेला आसा."

"आणि हय?" तिचं बोट रेषेच्या पलीकडे गेलं. तिथे नुसता गडद निळा रंग होता. पहिला हिवाळा, दुसरा हिवाळा, सगळं सपाट.

"थंय कायच नाय."

"कायच नाय?" रेवाचा चेहरा पडला. "मगे थंय कोणी काय केल्यान नाय?"

न्हानूने दुर्वाकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिने खालचा ओठ दातात धरला होता.

"तां मी केलंय," न्हानू म्हणाला.

"कायच नाय, ता कसा करतत?"

न्हानूने रेवाला मांडीवर घेतलं. तिचा दात यंत्रातून काढून तिच्या मुठीत दिला, आणि मूठ आपल्या हातात धरली.

"ऐक," तो म्हणाला. "आमच्या परसात दोन केळी होती."